आपा, वाडीची चिंच अजून उभी आहे

आपा, तुला जाऊन काल महिना झाला. आठ-नऊ दिवसांनी तुझा चाळीसावा आहे. तुझ्या लेकीने, रेहानाने, दोनदा फोन करून सांगितलं, ‘खाला, तुम्ही यायचंच.’ येणार आहे. पण तिथे तुझ्या घरच्या बायका कुराण पढत असतील आणि मी भिंतीला टेकून बसेन, तिसऱ्या दिवशी बसले होते तशी. तिथे तुझ्याशी भांडता येणार नाही, म्हणून हे लिहिते. लिहिलेलं वाचायचा तुला कंटाळा. ‘तोंडानं सांग की,’ म्हणायचीस. तोंडाने सांगायची सोय आता राहिली नाही, तेव्हा मुकाट्याने ऐकून घे.

तुझ्या नवव्या दिवशी मला शाळेत एक फोन आला. अनोळखी नंबर, बाईचा आवाज.

‘मंदाबाई मास्तरीण का? म्या वाडीची रुक्मिण बोलून राहिले. आपानं तुमचा नंबर देऊन ठिवला व्हता. आपा गेल्या म्हणं.’

मी हो म्हणाले.

‘मग आता चिंचंचं काय करायचं बाई? आमच्या मालकाला घरकुलाची खोली काढायचीय, झाड मधी येतंय. आपा येत व्हत्या तवर मालक गप व्हते.’

वाडीची चिंच म्हणजे कोणती, ते मला कळलं. ज्या झाडावर बगळे आणि ढोकऱ्या पावसाळ्यात घरटी करतात ते. घरट्यांत अंडी-पिल्लं असण्याचेच हे दिवस. ‘मी रविवारी येते, तोवर हात लावू देऊ नका,’ एवढं कसंबसं बोलले आणि पाचवीच्या वर्गावर गेले. फळ्यावर काय लिहिलं ते आठवत नाही. आपा, अशी एक चिंच आपण दोघींनी उभं राहून पडताना पाहिली होती. त्या दिवशी मी तुला जे बोलले, ते परत घ्यायचं नऊ वर्षं राहून गेलं.

पण ते नंतर. आधी तुझी माझी गाठ पडली तो दिवस. मी अहमदपूर तालुक्यातल्या त्या शाळेवर नवीन होते आणि तू गावच्या उपकेंद्राची नर्स. धनुर्वाताची सुई द्यायला शाळेत आली होतीस. पोरांची रांग लागलेली, पहिल्याच पोराचा दंड तुझ्या हातात, सुई वर धरलेली, आणि तू खिडकीबाहेर बघत राहिलीस. पोरगं डोळे गच्च मिटून रडायच्या तयारीत. मी म्हणाले, ‘सिस्टर, लवकर करा, पोरं घाबरलीत.’ तू म्हणालीस, ‘जरा थांबा मॅडम, तारंवर चास बसलाय. उडाला की निळा दिसतोय.’ मग त्या पोरालाही वळवून दाखवलंस. तो चास बघत असताना सुई कधी टोचलीस ते त्याला कळलंही नाही. मी मात्र चिडले होते. कसली ही अशी बाई, असं घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं.

पुढच्या महिन्यात त्याच बाईच्या मागे मी तळ्याच्या बांधावर दुर्बिणीची पाळी यायची वाट बघत बसले होते. दुर्बीण एकच, तीही तू नांदेडच्या बाजारातून जुनी आणलेली. एका डोळ्याने धुकं दिसायचं. दोन वर्षं मी तुला ‘तुम्ही’ म्हणत होते, मग एकदा तू वैतागलीस. ‘आपा बी म्हणतीस आन तुम्ही बी म्हणतीस. एक कायतरी ठिव.’ मी आपा ठेवलं.

तू लशीचा निळा डबा खांद्याला अडकवून वाड्या-तांडे हिंडायचीस. पायी. त्यामुळे कोणत्या ओढ्याला काय आहे ते तुला जीपमध्ये बसणाऱ्या साहेबांपेक्षा जास्त ठाऊक. पक्ष्यांची नोंद तू ठेवायचीस ती लसीकरणाच्या जुन्या, बाद झालेल्या रजिस्टरात. रकाने छापील होते, ते बदलायचे कशाला, असा तुझा सवाल. बाळाच्या नावाच्या रकान्यात पक्ष्याचं नाव. पहिला डोस म्हणजे तळ्यावर पहिल्यांदा दिसला ती तारीख. दुसरा डोस म्हणजे थवा पुरा भरला तो दिवस. बूस्टर म्हणजे शेवटचा दिसला तो. हिमालयापलीकडून येणारे पट्टकदंब एका वर्षी लवकर निघून गेले, तर तू गंभीर चेहऱ्याने मला सांगितलंस, ‘यंदा त्यांचा बूस्टर चुकला.’ ‘आईचे नाव’ या रकान्यात काय लिहितेस, असं मी एकदा विचारलं. म्हणालीस, ‘तळ्याचं.’

आणि गुडमॉर्निंग पथकाची गंमत. उघड्यावर बसणाऱ्यांना पहाटे पकडायला सरकारी पथकं फिरत होती तेव्हाची. आपण दोघी दिवस फुटायच्या वेळी बांधावर पोचलो. तू पांढऱ्या साडीत, हातात रजिस्टर, माझ्या डोळ्याला दुर्बीण. पलीकडच्या काठावर पाच-सात जण टमरेल घेऊन बसलेले. एकाने आपल्याकडे बघितलं आणि ओरडला, ‘अय, पथक आलं, दुर्बीण लावून बघायलेत.’ सगळे धोतर सावरत जे पळाले, त्यातला एक तर टमरेल तिथेच टाकून गेला. मी लाजेने मेले. तू बांधावर बसून पोट धरून हसलीस. नंतर सरपंच विचारायला आला, की बाई, यादीत कोणाकोणाची नावं लिहिली? तू रजिस्टर छातीशी धरून म्हणालीस, ‘ते मी सांगू शकत नाही.’ महिनाभर ते काठ स्वच्छ राहिले. टिटवीने तिथे अंडी घातली, ती तू मला मुद्दाम नेऊन दाखवलीस.

हसता हसता लोकांना थोडं खोटं सांगायचं, ही तुझी खोड मला तेव्हाच दिसायला हवी होती.

गयाबाईच्या दारातली चिंच. बाजूला शाळा, समोर उपकेंद्र. पावसाळ्यात तिच्यावर शंभर-दीडशे बगळे. एरवी पांढरे, पण विणीच्या दिवसांत डोकं आणि छाती केशरी होते. तू म्हणायचीस, हळदीला बसलेत. खाली मात्र सगळा चिखल, विष्ठा, मासळीचा वास, वरून पडलेलं एखादं मेलेलं पिल्लू. गयाबाईच्या धुतलेल्या लुगड्यांवर ठिपके. दरवर्षी ती कुऱ्हाडीची भाषा करायची आणि दरवर्षी तू तिला शांत करायचीस. कशी करतेस ते मला ठाऊक नव्हतं. एके दिवशी गयाबाईनेच मला सांगितलं, ‘सिस्टर म्हणती, ज्या दारात पक्षी अंडी घालतेत, त्या दारची सून सुखानं बाळंत होती.’

मी तशीच उपकेंद्रात आले. तू बाळाचं वजन करत होतीस. ते बाळ झोळीतून काढेपर्यंतही मला दम धरवला नाही.

‘आपा, तू नर्स आहेस. असलं सांगतेस?’

‘काय बिघडलं? माझ्या हातून एवढी बाळंतपणं नीट झाली. त्यातलं थोडं नाव बगळ्यांला दिलं तर माझं काय कमी होतंय?’

‘आणि एखादीचं नीट नाही झालं तर?’

‘तवाचं तवा बघू.’

‘खोटं सांगून वाचवलेलं झाड किती दिवस टिकेल?’

‘मंदा, तू वर्गात लेकरांना खरं सांगतीस. चांगलं करतीस. पर तुझी लेकरं घरी जाऊन झाडं वाचवून नाय राहिलीत. माझ्या खोट्यानं तीन वर्षं झाड उभं हाय.’

यावर मी जास्तच चिडले. हे भांडण आपण कितीदा भांडलो असू. बांधावर, एसटीत, उदगीरला तुझ्या माहेरी बिर्याणीचं ताट पुढे असताना. तुझी आई म्हणायची, ‘खाना ठंडा हो रा, पहले खाओ, बाद में लडो.’ मला ते भांडण आवडायचं, हे आज कबूल करते.

मग गयाबाईच्या सुनेचं बाळ गेलं. मोठ्या दवाखान्यात नेलं होतं, कोणाची चूक नव्हती. नाळेचा वेढा होता. तू स्वतः तिच्याबरोबर गेली होतीस आणि दोन दिवस घरी आली नव्हतीस. पण गावात एकच बोलणं. पक्षी होते ना दारात, मग? गयाबाईच्या लेकाने ऐन श्रावणात, घरट्यांत पिल्लं असताना, कुऱ्हाड आणली. त्याच्या तोंडाकडे बघून त्याला अडवायची कोणाची छाती झाली नाही. फांदी पडली की तू खाली धावायचीस आणि पिल्लं उचलून टोपलीत ठेवायचीस. लशीच्या डब्यातला बर्फ ओतून दिलास आणि त्यातही पिल्लं ठेवलीस. तुझी पांढरी साडी गुडघ्यापर्यंत चिखलात. वर बगळे नुसते गोल फिरत होते.

मी मदत करायची सोडून कुंपणापाशी उभी होते. तू टोपली घेऊन माझ्यासमोर आलीस तेव्हा मी म्हणाले, ‘मी सांगितलं होतं तुला.’

तुझा चेहरा मी विसरलेले नाही. रागावली नाहीस. फक्त मान हलवलीस, जशी एखाद्या बाईने बाळाच्या तापाचा आकडा सांगितल्यावर हलवायचीस, आणि टोपली घेऊन उपकेंद्रात गेलीस. तू आठ दिवस त्या पिल्लांना तळ्यातले बारके मासे भरवत होतीस, हे मला शिपायाकडून कळलं. तीन जगली. मी बघायला आले नाही. समोरच्या इमारतीत होतीस, शंभर पावलांवर, आणि मी चार महिने तुझ्याकडे आले नाही. माझं खरं होतं ना, म्हणून माझी मान ताठ होती. खरं असण्याचा एवढा माज मला कधी आला नव्हता.

थंडी सुरू झाल्यावर तूच शाळेच्या दारात आलीस, हातात रजिस्टर. ‘पट्टकदंब आलेत. पहिला डोस. चलतीस का?’ मी चप्पल घातली आणि निघाले. वाटेत तू तळ्याच्या पाण्याबद्दल बोललीस, मी शाळेच्या तपासणीबद्दल. त्या चिंचेबद्दल आपण एक अक्षर बोललो नाही. पुढच्या पावसाळ्यात बगळे तळ्यापलीकडच्या वाडीत, रुक्मिणीच्या दारच्या चिंचेवर गेले. ते बघायला मी तुझ्याबरोबर एकदाच आले. ‘इथं काय सांगितलंस?’ हा प्रश्न माझ्या जिभेवर होता. विचारला नाही. तू पुन्हा काहीतरी रचून सांगितलं असणार, अशी माझी खात्री होती.

मग माझी बदली नांदेडला झाली. महिन्याचा एक रविवार तुझा, एवढंच राहिलं. तू निवृत्त झालीस आणि अहमदपुरातल्या घरातून आठवड्याला वाडीला जात राहिलीस. ‘वाडीत एवढं काय ठेवलंय?’ मी विचारायची. ‘बगळे,’ तू म्हणायचीस.

शेवटी तू आजारी होऊन रेहानाकडे नांदेडला आलीस. तेव्हा तुला घेऊन मी एकदा ऑटोतून गोदावरीकडे गेले होते. पुलाअलीकडे ऑटो थांबवायला लावलास. पाण्यात खुंटावर काहीतरी काळं बसलेलं. मी म्हणाले, पाणकावळा. तू म्हणालीस, शराटी. दहा मिनिटं आपण त्यावर वाद घातला. ऑटोवाला म्हणाला, ‘खालाजान, वो लकडी है.’ खरंच लाकूड होतं. तू एवढी हसलीस की खोकला लागला. मी तुझी पाठ चोळत होते, आणि तेव्हा वाटलं, आता म्हणावं. आपा, त्या दिवशी मी चुकले, असं म्हणावं. ऑटोचं मीटर चालू होतं, मागचा ट्रक हॉर्न देत होता. मी म्हणाले, ‘चला, तुला ऊन लागेल.’ आपा, हे मला फार लागून राहिलंय.

तर त्या रविवारी मी वाडीला गेले. नांदेडहून अहमदपूर एसटीने, पुढे काळीपिवळी जीपने, शेवटचा तुकडा पायी. वाटभर भाषण तयार केलं होतं. पर्यावरण, अन्नसाखळी, कीटक खाणारे पक्षी शेतकऱ्याचे मित्र. रुक्मिण दारातच होती, साधारण चाळिशीची, कमरेला पदर खोचलेला. चिंचेखाली बाज टाकली होती, मला बसवलं आणि पाणी दिलं. वर पिल्लांचा कल्ला चालू होता.

मी भाषण सुरू करायच्या आधी तिला विचारलं, ‘आपाने तुम्हाला सांगितलं असेल, पक्षी असले की बाळंतपण नीट होतं म्हणून?’

‘न्हाई वो. उलटं सांगितलं. म्हणल्या, पक्ष्याचं आन बाळंतपणाचं काई नातं न्हाई. कुणी सांगितलं तर खोटं हाय, ध्यान देऊ नका.’

‘मग झाड का ठेवलंत?’

‘त्या म्हणल्या, मला ह्ये बगळे बघायचा नाद हाय. झाड हाय तवर मी दर आठवड्याला येणार, आन आले की तुमच्या पोरीसुनांचं बीपी बघणार. तशा आल्या की. पावसात बी आल्या. ह्याच बाजंवर बसायच्या. वाडीत सात लेकरं झाली तवापासून, समद्या बाया आधी हितं दाखवायच्या, मग दवाखाना. मालक म्हणले, झाडामुळं नर्सबाई येती तर ऱ्हाऊ दे झाड.’

रुक्मिण पुढे म्हणाली, ‘दोन वर्सं झाली, आपाला वरचं दिसतच नव्हतं. डोळ्यात मोतीबिंदू. मला म्हणायच्या, रुक्मिण, घरटी मोज. मी मोजून सांगायची, त्या लिवायच्या. यंदा त्रेचाळीस हायत. सांगायचं ऱ्हाऊनच गेलं.’

तू मला हे सांगितलं नाहीस. डोळ्यांचंही नाही. त्या पुलापाशी लाकडाला शराटी का म्हणालीस ते आता कळलं. मी त्याला पाणकावळा का म्हणाले ते मात्र मला ठाऊक नाही.

मग रुक्मिणीने माझ्याकडे नीट बघितलं. ‘आपा एका मास्तरणीचं सांगायच्या. म्हणायच्या, तिला खोटं चालत न्हाई, म्हून मी खोटं सोडलं. तिला एकदा सांगायचं हाय, तुझं खरं होतं म्हून. पर तिच्यासमोर तोंड उघडत न्हाई. ती मास्तरीण तुम्हीच का?’

‘हाव,’ मी म्हणाले आणि त्या बाजेवर बसून रडले, आपा. अनोळखी बाईच्या दारात, चिंचेखाली, डोक्यावर बगळ्यांची घाण पडत असताना. माझं खरं असू दे नाहीतर खोटं. त्या दिवशी तुझ्या हातातली टोपली मी धरायला हवी होती. मी चुकले. तू जिवंत असताना हे म्हणायला मला नऊ वर्षं मिळाली होती.

तेवढ्यात रुक्मिणीचा नवरा शेतातून आला. भला माणूस, पण घरकुलाचा हप्ता आलेला, पाया आखून ठेवलेला. त्याने सरळ विचारलं, ‘नर्सबाई तर गेल्या. आता कोण येणार हाय?’

माझं भाषण तयारच होतं. अन्नसाखळी, कीटक, सगळं. त्यातलं काही मी बोलले नाही. मी म्हणाले, ‘मी येणार. दर आठवड्याला. उपकेंद्रातल्या नव्या सिस्टरला घेऊन येणार.’

आपा, हे बोलताना मला पक्कं ठाऊक होतं की हे खोटं आहे. घरी सासूबाई अंथरुणावर, एकच रविवार मोकळा, नांदेडहून जायला-यायला पाच तास, आणि माझे गुडघे. नव्या सिस्टरला तर मी तोवर बघितलंही नव्हतं. जन्मभर तुला खोट्यावरून बोलले आणि त्या माणसाच्या तोंडावर न अडखळता खोटं बोलले. त्याने जरा विचार केला. खोली मागच्या बाजूला सरकवता येईल का ते बायकोला विचारलं. पाऊस संपेपर्यंत बघू, म्हणाला.

तिथून मी तशीच उपकेंद्रात गेले. नवी सिस्टर पोरसवदा आहे, परभणीकडची. आधी नाही म्हणाली. मग तुझं नाव सांगितल्यावर म्हणाली, बघते. रविवारी सासूबाईंचं सगळं आता नवरा करतो. पहिल्या वेळी त्याने तोंड वाकडं केलं, दुसऱ्या वेळी डबा भरून दिला. सिस्टर बायांना बघते, रुक्मिण घरटी मोजते, मी रेहानाकडून आणलेल्या तुझ्या रजिस्टरात लिहिते.

काल माझी चौथी खेप झाली. उतरले तेव्हा पाऊस होता, काळीपिवळी मिळाली नाही, चिखलातून चालत गेले. पोचेपर्यंत रुक्मिणीचा नवरा दारात उभा राहून रस्त्याकडे बघत होता. मला बघितल्यावर त्याने बाज झटकून चिंचेखाली टाकली.